हमीपत्रावरचा शिक्का

रंगाच्या कारखान्याचे दिघावकरसाहेब फार जपणारे. माणसांना नव्हे, मास्कना! धुळीचे मास्क त्यांनी काचेच्या कपाटात कुलपात ठेवले होते. तपासणी आली की बाहेर निघत, तपासणी गेली की परत आत.

कॉलेजातून प्रशिक्षणाला आलेली प्रज्वला पावडरीच्या यंत्रापाशी तोंडाला ओढणी बांधून राबत होती. तिचा प्रशिक्षणातला जोडीदार निसार खोकून खोकून वसतिगृहात आडवा झाला होता. तिने कॉलेजात सरांना फोन केला. ते म्हणाले, "सांभाळून घे गं, प्रमाणपत्र त्यांच्याच हातात आहे."

मग ती साहेबांकडे मास्क मागायला गेली. त्यांनी रुजू होताना तिच्याकडून घेतलेलं हमीपत्र तिच्यापुढे टाकलं. "सही तुझीच ना? 'माझ्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी माझी.' मग मी कशाला मास्क देऊ?"

प्रज्वलाने कागद वाचला, खालचा कारखान्याचा शिक्का पाहिला आणि सरळ जाऊन यंत्राचं लाल बटण दाबलं. सगळी शेड गप्प झाली. बाहेर माल भरायला ट्रक उभा!

साहेब धावत आले. "कुणाला विचारून बंद केलंस गं?"

"जबाबदार माणसाला, साहेब. तुम्हीच नेमलंय मला, शिक्का मारून. हे यंत्र मला धोक्याचं वाटतं. चालू करायचं तर माझी जबाबदारी तुमच्या नावावर लिहून द्या, नाहीतर कपाट उघडा."

कामगारही हात बांधून उभे राहिले. कपाट उघडलं.

प्रज्वला प्रमाणपत्र घेऊन गेली. निसार मात्र अजून खोकतोच आहे. आणि नव्या मुलांच्या हमीपत्रात एक ओळ वाढली आहे: 'मी कुठलंही बटण दाबणार नाही.'