पहिल्या ओळीतलं घर

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. पोरांनो, पुढे सरकून बसा. म्हाताऱ्यांनो, तुम्हीही बसा. मधूनच उठून जायचं नाही.

समुद्राच्या काठी एक गाव होतं. गावात घरांच्या ओळी होत्या. ज्याचं घर समुद्राच्या जास्त जवळ, त्याचा मान मोठा. पहिली ओळ नाखव्यांची, म्हणजे होड्यांच्या मालकांची. तिथून मागे सरकत गेलं की मान कमी होत जाई. सगळ्यात मागे, टेकाडावर, म्हशी राखणाऱ्यांची घरं होती. त्यांना मान नव्हताच, फक्त शेणाचा वास होता.

पहिल्या ओळीची एक रीत होती. वादळ आलं की बाकीच्यांनी हवं तर पळावं. पहिल्या ओळीने समुद्राकडे तोंड करून दिवा लावायचा आणि घर सोडायचं नाही. दिवा विझला तर समुद्र रागावतो म्हणे. ही रीत कुणी सुरू केली, कुणालाच माहीत नव्हतं. पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

एका दुपारी तुफान आलं. समुद्र गावात शिरला आणि पहिल्या ओळीच्या दारात जाऊन थांबला नाही. तो मानाबिनाला ओळखत नव्हता.

थोरल्या नाखव्याची बायको दिवा धरून बसली होती. ती गेली. तिची सून हिरू हिने पोरगी पाठीला बांधली आणि ती उंडीच्या झाडाला मिठी मारून उभी राहिली. पाणी गळ्यापर्यंत आलं. पोरगी रडत होती, आणि ती रडतेय एवढ्यावरच हिरूने तग धरला.

पाणी ओसरलं तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. टेकाडावरच्या लोकांनी सगळ्यांसाठी पेज शिजवली. नाखव्यांनी ती प्यायली, पण तोंड फिरवून. भूक लागते तेव्हा मान जरा बाजूला बसतो, पोट भरलं की परत येतो.

पोट भरल्यावर म्हाताऱ्यांनी बैठक बसवली. थोरला नाखवा म्हणाला, "रीतीप्रमाणे होईल. आधी पहिली ओळ उभी राहील. जुन्याच जोत्यांवर. सगळ्या गावाने हात लावायचा. मग दुसरी ओळ, मग तिसरी."

"आणि आम्ही?" टेकाडावरची आवडा म्हणाली. तिच्या गोठ्याचं छप्पर उडालं होतं आणि त्याच गोठ्यात अर्धं गाव झोपत होतं.

"तुमचं शेवटी. घाई काय आहे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकोला अग्नी देऊन आलेल्या माणसाला कोण उलट बोलणार?

हिरू बोलली. "मामंजी, मी त्या जोत्यावर पाय ठेवणार नाही. माझी पोरगीही ठेवणार नाही. पावसाळा सरतानाचा परतीचा वारा अजून यायचाय. घर बांधायचं तर टेकाडावर बांधू."

"सून आहेस, सुनेसारखी बोल."

"सुनेसारखीच बोलतेय. सासूबाईही या घरच्या सूनच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत."

हिरूचा नवरा धाकू खाली बघत होता. तो बापासमोर तोंड उघडायचा ते फक्त जेवायला.

"जा मग शेणात," नाखवा म्हणाला. "पण नारळी पौर्णिमेला आपल्या घराच्या नारळाला तुला हात लावायला मिळणार नाही. तुझ्या पोरीलाही नाही."

"पोरगी जिवंत असली तर नारळ कुठलाही फोडेल," हिरू म्हणाली आणि उठली.

टेकाडावर ती आवडाकडे गेली. आवडा म्हशीला खाजवत होती. "जागा आहे, बाय," ती म्हणाली. "पण आमच्यात ओळ नसते. जिथे सपाट दिसेल तिथे घर. आणि वास येतो, हे आधीच सांगते. पहिल्या ओळीच्या नाकाला झेपेल का?"

"येऊ दे वास. वास येतोय म्हणजे श्वास चाललाय."

आवडा हसली. "मग घे कुदळ. माझ्याकडे बघत काय उभी राहिलीस?"

आधी काय बांधायचं, यावर दोघींचं भांडण झालं. हिरूला घर हवं होतं. आवडा म्हणाली, "तुझं एकटीचं घर उभं राहील, आणि वारा आला की खालचे सगळे तुझ्या दारात येतील. मग कुणाला आत घेशील, कुणाला बाहेर ठेवशील? आधी सगळ्यांना पुरेल असं एक बांधू. तुझं घर मागाहून."

हिरू रागावली. संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन तिने खालच्या पडक्या गावाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती आवडाने आखलेल्या मोठ्या चौकोनात खणायला लागली.

जांभ्या दगडाच्या जाड, बुटक्या भिंती. छप्पर इतकं खाली की उंच माणसाला वाकून आत जावं लागेल. आणि प्रत्येक वासा काथ्याने भिंतीतल्या दगडाला बांधलेला. दिसायला ते घर भिकार होतं. वाऱ्याला मात्र त्यात बोट घालायला जागा नव्हती.

दिवसा धाकू बापाच्या जोत्यावर राबायचा. उन्हं उतरली की एक वासा खांद्यावर टाकून टेकाडावर यायचा, तो बायकोसमोर ठेवायचा आणि काथ्या वळायला बसायचा. एके दिवशी तो सकाळीच आला. खाली गेलाच नाही. त्याच्यामागून पहिल्या ओळीतली आणखी पोरं आली, मग दुसऱ्या ओळीतली, मग त्यांच्या बायका डोक्यावर दगड घेऊन.

खाली म्हातारे उरले. नाखव्याच्या घराचं आढं, म्हणजे छपराचं मधलं मोठं लाकूड, जमिनीवर पडलं होतं. त्याच्याभोवती सगळे थोर जमले. प्रत्येक जण वाट बघत होता की दुसरा वाकेल. आयुष्यभर त्यांनी बाजूला बसून "हं, उचला!" एवढंच म्हटलं होतं. आता कुणाला म्हणायचं?

एकाने म्हटलंच. "हं, उचला."

कुणीच हललं नाही. आढं तिथेच राहिलं. एकेक म्हातारा खोकत खोकत टेकाडाकडे निघाला. वर पोचल्यावर आवडाने त्यांना काथ्या वळायला बसवलं. "बसून करायचं काम आहे," ती म्हणाली, "तुम्हाला सवय आहे." ते बसले. काय करणार?

थोरला नाखवा एकटा खाली राहिला. बिनछपराच्या चार भिंतींत, समुद्राकडे तोंड करून.

मग परतीचा वारा आला. सकाळपासून आभाळ तांबूस झालं होतं आणि बगळे उलटे, जमिनीकडे चालले होते. मोठ्या घराच्या भिंती पुऱ्या झाल्या होत्या, शेवटचा वासा घाईघाईने बांधून झाला. सगळं गाव आत गेलं. म्हशीही गेल्या, कारण आवडा त्यांना सोडून आत यायला तयार नव्हती.

हिरूने पोरगी आवडाच्या हातात दिली. "मामंजी खाली आहेत."

"राहू दे त्या हट्टी म्हाताऱ्याला," कुणीतरी म्हणालं. खरं सांगतो, पुष्कळांच्या मनात तेच होतं.

हिरू निघाली. धाकू तिच्यामागे धावला.

नाखवा दिव्यासमोर बसला होता. लाटेचं पाणी अंगणात येऊन परत जात होतं.

"मामंजी, उठा."

"दिवा कोण राखणार?"

"सासूबाईंनी राखला होता ना? समुद्राने विचारलं का त्यांना?"

म्हाताऱ्याने दिव्याभोवती हात धरला. "मी वर आलो तर गाव काय म्हणेल?"

"गाव वर आहे. वर येऊन विचारा त्याला."

तो उठेना. तेव्हा धाकूने तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा, जेवायची वेळ नसताना.

"बाबा, त्या दिवशी आईला उचलायला हवं होतं. तुम्ही नको म्हणालात आणि मी ऐकलं. आज ऐकणार नाही."

त्याने बापाला खांद्यावर घेतलं आणि टेकाड चढायला लागला. म्हातारा वाटभर त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होता, शिव्या देत होता. धाकू थांबला नाही. वर पोचेपर्यंत बुक्क्या थांबल्या होत्या. म्हातारा लेकाच्या मानेत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडत होता.

वारा दुपारभर घोंगावला. आत माणसं आणि म्हशी एकमेकांना चिकटून बसली. छपराचा काथ्या कुरकुरला, ताणला गेला, पण सुटला नाही. वारा पडला तेव्हा आवडाने मोठ्याने सगळ्यांची नावं घेतली. एकेक जण "आहे" म्हणत गेला. एकही नाव रिकामं गेलं नाही. हिरूने पोरीच्या वतीने "आहे" म्हटलं, तर पोरगी चिडून म्हणाली, "मी म्हणणार होते!"

खाली पहिल्या ओळीत जोतीसुद्धा उरली नव्हती.

मग टेकाडावर घरं झाली, ओळीबिळीशिवाय. आवडाच्या गोठ्याला सगळ्यांत आधी छप्पर मिळालं. हिरूचं घर उभं राहायला लागलं तेव्हा थोरला नाखवा येऊन म्हणाला, "एक भिंत मी घालतो."

त्याला येत काही नव्हतं. मान मोडून काम करायची वेळच आली नव्हती कधी. भिंत वाकडी झाली, मधोमध पोट सुटल्यासारखी. पोरं खिदळली. म्हातारा ओशाळला, पण थापी खाली ठेवली नाही. त्या भिंतीला टेकून हिरूने चूल मांडली.

म्हातारा वेळेवर शहाणा झाला असं मी म्हणणार नाही. फार उशिरा झाला, आणि एक माणूस गेल्यावर झाला. पण त्यानंतर त्या गावात वादळात कुणी मेलं नाही, आणि वादळं काही कमी आली नाहीत.

बोध सरळ आहे: जी रीत माणसाचा जीव मागते ती थोरांनी घालून दिलेली असली तरी मोडावी, आणि सगळ्यांचं छप्पर आधी बांधावं.