जुन्या पिपाचं पाणी

"बाबा, मोरीत ओतून देऊ का?"

पुंजारामानं विचारलं खरं, पण पेला काही हातातून सुटेना. त्याची पहिली ब्रँडी होती ती. द्राक्षं त्यानं निवडली, तांब्याच्या भट्टीतून दोनदा दारू त्यानंच काढली, लाकडी पिपावर खडूनं आपलं नाव घातलं. तीन वर्षांनी आज पीप उघडलं, तर आत काढा! जीभ टाळ्याला चिकटली.

त्याला हे काम शिकवणारा पास्कूबाबा तळघरात समोरच स्टुलावर बसला होता. वसईचा किरिस्ताव म्हातारा. तरुणपणी आगबोटीनं फ्रान्सला गेला, शारांत नदीकाठच्या एका वस्तादाकडं ब्रँडी मुरवायला शिकला, आणि उतारवयात दिंडोरीच्या माळावर तसंच तळघर खोदून बसला. तोंडाचा फटकळ. नाक मात्र गेल्या साली तापात गेलं. आता फोडणी करपली तरी त्याला पत्ता नसतो.

"आण इकडं."

"तुम्हाला काय कळणार, बाबा..." पुंजा बोलून गेला आणि ओशाळला.

"नाक गेलंय. जीभ आहे." म्हाताऱ्यानं घोट घेतला. "हं. दाराची चौकट चाटल्यासारखं लागतंय."

पुंजाला हसू आलं नाही.

"पहिलं वरीस नव्या पिपात, मग जुन्यात. सांगितलं होतं का नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"रंग चढत होता, बाबा. तिन्ही वर्षं नव्यातच ठेवली. नवं लाकूड देत होतं, मी घेत राहिलो. आणि तुमची ती जुनी पिपं... मीच म्हणालो होतो चार माणसांत, यांत काही उरलं नाही, सरपणाला घाला."

"म्हणाला होतास."

"ओरडला का नाहीत मग?"

"पीप तुझं होतं."

म्हातारा उठला. भिंतीला धरत कोपऱ्यात गेला. तिथं सगळ्यात जुनं पीप होतं, काळं ठिक्कर. त्यानं वर थाप मारली. आत पाणी डुचमळलं.

पुंजा बघतच राहिला. रिकामं पीप सुकलं की फळ्या आकसतात आणि ते गळायला लागतं. म्हणून त्यात पाणी भरून ठेवायचं, आणि कुजू नये म्हणून सारखं बदलायचं. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आला की म्हातारा बादली घेऊन पायऱ्या उतरायचा. पुंजाला वाटायचं, फरशी धुतोय.

"हे कुणासाठी भिजवत होतात?"

"तुझ्या काढ्यासाठी. तुझं पीप लवकर उघडायचंस की, गाढवा. कंबर मोडली माझी."



दोघांनी मिळून पाणी सोडलं, पीप निथळू दिलं, ब्रँडी आत भरली. बूच ठोकलं. नाव घालायला पुंजानं खडू उचलला. थोडा वेळ तसाच धरला, आणि पुन्हा खिशात टाकला.

"कधी उघडायचं?"

"लेक रांगते ना तुझी? तिच्या लग्नात बघ."

"म्हणजे तुम्ही..."

"मी नसेन. तेवढंच एक लग्नाचं जेवण चुकलं."

पुंजानं त्या काळ्या लाकडावर हात ठेवला. गार होतं.

"यात खरंच काही उरलेलं नाही, बाबा?"

"काही नाही. सगळं देऊन झालंय त्याचं."

"मग ते या ब्रँडीसाठी करणार काय?"

म्हातारा स्टुलावर टेकला. दम खाल्ला. शेजारची पायरी तळव्यानं पुसली. पुंजा सवयीनं तिथं बसला...

"नाक गेल्यापासून मी तुला काय शिकवलं रे?"

पुंजानं आठवून पाहिलं. खोटं बोलवेना.

"काही नाही, बाबा."

"मग रोज संध्याकाळी येतोस कशाला?"