चार मिनिटांची फाइल

"पण याला दोन तोंडं कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"एक फोनला, एक कॉम्प्युटरला," उन्मेष म्हणाला. "फोनमधलं यात घ्यायचं, यातलं तिकडं टाकायचं. मधे वायर नको, इंटरनेट नको."

"आणि हे पाच?"

"पाचही तसलेच. पण सारखे नाहीत. तेच तर सांगतोय तुम्हाला..."

मठाच्या ओट्यावर त्यानं पाच पेनड्राइव्ह ओळीनं मांडले होते. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि खाली कृष्णेचं पात्र. मास्तर चौऱ्याऐंशी वर्षांचे. उभी नोकरी कऱ्हाडच्या तारऑफिसात केली, निवृत्त झाले आणि इथं येऊन बसले. लोक पाया पडायला लागले तेव्हा त्यांनी महाराज म्हणवून घेतलं नाही, बुवाही म्हणू दिलं नाही. मास्तर होते ते मास्तरच राहिले.

उन्मेष तारळेकर दोन वर्षं दर गुरुवारी त्यांच्याकडे यायचा. ध्यान शिकायला. बेचाळीस वर्षांचा गडी, साखर कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या हाताखाली. तालुक्यात कुणाला फोन घ्यायचा असो की प्रिंटर, आधी उन्मेषला विचारलं जाई. हे त्याला ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. डोळे मिटून बसला तरी आपण किती मिनिटं बसलो ते तो उठल्याबरोबर फोनमध्ये बघायचा.

"हा धातूचा," त्यानं पहिला उचलला. "दणकट आहे, पण पाच मिनिटांत तापतो. ह्याचं टोपण सुटं. महिन्याभरात हरवणार म्हणजे हरवणार. हा सरकवायचा, पण फोनला कव्हर असलं की पुरता आत जात नाही. दर वेळी कव्हर काढत बसा. हा सुरुवातीला सुसाट पळतो, मोठी फाइल आली की मधेच दम टाकतो. आणि हा बरा आहे... पण इतका बारका, की ठेवला कुठं ते सापडायचं नाही."

मास्तर पावटे सोलत होते. एक शेंग, चार दाणे. पुढची शेंग.

उन्मेष उठला, कठड्यापर्यंत गेला, परत आला. बसला. त्याचा गुडघा हलत होता.

"कधीपासून चाललीय ही परीक्षा?"

"झाले सहा-सात महिने. आधी तीनच होते, मग दोन वाढवले. पुढच्या महिन्यात एक नवा येतोय. तो बघितल्याशिवाय ठरवणं काही..."

"कुणाला पाहिजे?"

"नीलाताईला. थोरली बहीण माझी, निपाणीला असते. आप्पांचे फोटो द्यायचेत तिला, आणि एक रेकॉर्डिंग. शेवटच्या दिवसांतलं."

आप्पा म्हणजे उन्मेषचे वडील. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

"तिच्याकडे फोन नाही?"

"आहे की."

"मग फोनवर धाड."

"फोनवरनं धाडलं की फोटो फुटतात, मास्तर. आवाज दबतो."

हे काही खरं नव्हतं. नुसती फाइल म्हणून पाठवली तर काहीच दबत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. महिन्यातून चार वेळा तो हेच लोकांना समजावून सांगायचा.

"वडलांचा शेवटचा आवाज आहे," तो घाईघाईनं पुढं म्हणाला. "त्यातलं एक अक्षर हरवायला नको. तुम्ही तर तारखात्यातले. तुम्हाला तरी कळायला पाहिजे."

मास्तरांचा हात थांबला.

"एकदा एक तार आली," ते म्हणाले. "आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. वाऱ्यानं कुठंतरी खांब पडला होता. लाइन धड नव्हती. नाव शंकर, आणि आडनावाची दोनच अक्षरं हाती लागली. इंग्रजी पी आणि ए. पेठेत तसे चार शंकर होते. पाटील, पवार, परीट, पानसरे."

"मग? परत विचारून घेतलंत?"

"शिपायाला म्हटलं, चारही दारं वाजव."

"चारही?" उन्मेष ताडकन म्हणाला. "म्हणजे तीन घरांत विनाकारण रडारड!"

"झाली."

"आणि ज्याची तार होती तो?"

"पोचला. वेळेत पोचला."

"बाकीचे तिघं तुमच्या अंगावर आले असतील."

"नाही आले. तेही आपापल्या आईला भेटून आले."

उन्मेषनं टोपणवाला पेनड्राइव्ह उचलला, टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"काय म्हणतात वडील त्यात?" मास्तरांनी विचारलं.

उन्मेषनं टोपण पुन्हा लावून टाकलं.

"ऐकलंस ना?"

"अर्धं."

"किती मोठं आहे?"

"चार मिनिटं."

मास्तर पुन्हा शेंगांकडे वळले. दाणे परातीत टपटप पडत राहिले. उन्मेष त्यांच्याकडे बघत होता आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते. शेवटी तोच बोलला, नदीकडे तोंड करून.

"आई गेली तेव्हा ताई म्हणाली, आप्पांना मी निपाणीला नेते. मला ते लागलं. म्हणजे मी सांभाळत नाही, असंच ना? आईच्या तेराव्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो तिला. दोन वर्षं बोलणं नव्हतं."

"हं."

"मग आप्पा आजारी पडले. एकोणीस दिवस दवाखान्यात होते. तेराव्या दिवशी म्हणाले, नीलाला बोलाव. मी हो म्हटलं. म्हणाले, तुझ्या फोनमध्ये माझे दोन शब्द घे, तिला दे. घेतलं. त्यात ते म्हणतात..."

त्याचा गुडघा थांबला होता.

"त्यात ते म्हणतात, उन्मेषला सांगितलंय तुला बोलवायला. तो बोलावेल. हट्टी आहे, पण बोलावेल. तिथून पुढं मी ऐकलेलं नाही."

"बोलावलंस?"

"मला वाटलं आप्पा बरे होतील. बरे झाले की बघू. मग एकदम... गेले तेव्हाच फोन केला मी. ती थेट स्मशानातच आली. घरी आल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. विचारलं, माझी आठवण काढली का रे त्यांनी?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, शुद्धीवरच नव्हते."

खाली पात्रात कुणीतरी म्हशी धूत होतं. त्याच्या हाका वरपर्यंत येत होत्या.

"हे दिलं की तिला कळणार, मास्तर. सगळं कळणार. आणि मीच आप्पांच्या तेराव्याला कबूल करून बसलो होतो, की रेकॉर्डिंग आहे, पेनड्राइव्हवर घालून देतो. ती बरं म्हणाली. त्यानंतर एकदाही तिनं मागितलं नाही. मागितलं असतं तर..."

तो परत उठला. ओट्यावरून एक फेरी मारून आला.

"या पाचांतला सगळ्यात मंद कुठला?" मास्तरांनी मधेच विचारलं.

"मंद? हा. दम टाकणारा."

"ती चार मिनिटांची फाइल न्यायला याला किती वेळ लागतो?"

"ही तर लहान फाइल आहे. एक सेकंद. फार तर दोन."

"आणि तुला?"

मास्तरांनी मांडीवरची सालं झटकली. ओट्यावरच्या ओळीकडे न बघताच हात घातला आणि हाताला लागला तो पेनड्राइव्ह उन्मेषपुढं धरला. टोपणवाला होता.

"घाल यात."

"आत्ता?"

"एक सेकंद म्हणालास ना?"

उन्मेषनं फोन काढला. पेनड्राइव्ह लावताना तो दोनदा चुकला. ज्याच्याकडून सबंध तालुका शिकतो, त्याला तोंड सापडेना. मग तो बसला. फोटो निवडले, फाइल निवडली, बोट टेकवलं. पडद्यावरची पट्टी दिसते न दिसते तोच पुरी झाली.

"झालं?"

"झालं."

"निपाणी किती लांब?"

"हायवेनं दोन तास. पण आज तिचे शिवणाचे क्लास असतात, आणि भाऊजी... आणि मी काय बोलू तिथं जाऊन? सुरुवात कुठून करू?"

मास्तरांनी परात उचलली आणि ते आत गेले. दार लोटलं गेलं. उन्मेष बराच वेळ ओट्यावर उभा होता. ते बाहेर आले नाहीत. मग त्यानं गाडीची किल्ली काढली. बाकीचे चार तिथंच राहिले.

निपाणीला पोचेपर्यंत त्यानं मनात निदान वीस वेळा सुरुवात केली. कोल्हापूरच्या पुढं एकदा गाडी कडेला घेऊन थांबला. आता इथूनच फोनवर पाठवून द्यावं, असंही वाटून गेलं. फोन हातात घेतला, परत ठेवला.

नीलाताईनं दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती आणि आत मशिनींचा आवाज चालू होता. भावाला बघून ती दचकली नाही, हसलीही नाही.

"एकटाच?"

"ताई, मी खोटं बोललो." पाठ केलेलं एक वाक्यही त्याला आठवलं नाही. "आप्पा शुद्धीवर होते. तुला बोलाव म्हणाले होते. मी बोलावलं नाही."

ताईनं मागं वळून मुलींना सांगितलं, "आज बस झालं गं. उद्या या." मुली एकेक करून त्याच्या बाजूनं निघून गेल्या. मग ती म्हणाली, "आत ये."

त्यानं पेनड्राइव्ह पुढं केला. तिनं तो घेतला आणि मूठ मिटली.

"यात आहे सगळं," तो म्हणाला. "आप्पाच सांगतात."

"मला ठाऊक आहे."

"काय?"

"आप्पांचा फोन आला होता मला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या फोनवरनं. म्हणाले, उन्मेषला सांगितलंय, तो बोलावेल. त्यानं बोलावल्याशिवाय येऊ नकोस. आपली आपण आलीस तर तो आत आणखी घट्ट होऊन बसेल, आणि माझ्यामागं तुम्ही दोघं कायमचे तुटाल."

उन्मेष खुर्ची ओढून बसला.

"सहा दिवस बॅग भरून बसले होते रे," ताई म्हणाली. "फोन वाजला की उठायची. सहाव्या दिवशी तुझाच आला. पण तो..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही.

"मग त्या दिवशी घरी मला विचारलंस का? तुला ठाऊक असताना?"

"तू सांगशील म्हणून."

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

"आज मला तुझ्याशी गोड बोलता यायचं नाही, उन्मेष. मनात नाही ते तोंडावर आणणं मला कधी जमलंच नाही. चहा घे. जेवूनही जा. पण हे मी एकटीच ऐकणार. तू गेल्यावर."

तो जेवला. ताटात काय होतं ते त्याला नंतर आठवेना. निघताना ती दारापर्यंत आली, आणि त्याची गाडी वळेपर्यंत तिथंच उभी होती. हात मात्र तिनं हलवला नाही.

पुढच्या गुरुवारी उन्मेष मठात आला तो पायातल्या चपला नीट काढायच्या आधीच बोलायला लागला.

"तिला सगळं ठाऊक होतं, मास्तर! पहिल्यापासून. मी आठ महिने जे लपवत होतो त्यातलं तिला काहीच नवीन नव्हतं. झोप उडवून घेतली मी. तोंड चुकवत फिरलो. गणपतीला तिच्याकडे गेलो नाही, दिवाळीला गेलो नाही. कशासाठी?"

मास्तर भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले.

"माफ केलं असंही ती म्हणाली नाही. फोन नाही, काही नाही. ऐकलं की नाही, तेही कळवलेलं नाही. आता मी फोन करायचा, की थांबायचं? काल रात्री पाच वेळा नंबर काढला..."

तो धपकन ओट्यावर बसला.

"तुम्हीच पाठवलंत मला. दोन तास गेलो, दोन तास आलो. जिला सगळंच ठाऊक होतं, तिच्या दारात मी नेलं तरी काय?"

मास्तरांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं.

"तू येशील, हे तिला ठाऊक नव्हतं."