तांबटाचा विस्तव

फार फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा चुलीतला विस्तव खापरावर बसून एका घरातून दुसऱ्या घरी जात असे, आणि वाटेत दोन बायका भेटल्या तर त्यांच्या गप्पांच्या नादात विझूनही जात असे.

त्या काळी एका डोंगराच्या अलीकडे एक तांबट राहत होता. नवी भांडी घडवावी, जुन्यांना कल्हई लावावी, हा त्याचा धंदा. हात मोठा सुबक होता, पण त्याला अभिमान होता तो भलत्याच गोष्टीचा. "मी आजवर कोणाच्या दारात काही मागायला गेलो नाही," असे तो उठता-बसता सांगे. बायकोला हे वाक्य इतके पाठ झाले होते, की त्याने नुसते "मी आजवर" म्हटले की उरलेले ती मनातल्या मनात पुरे करून टाकी.

अलीकडे तांबट झाले फार आणि काम झाले थोडे. डोंगरापलीकडच्या गावात मात्र घरोघरी पितळेची भांडी होती आणि कल्हई लावणारा औषधालाही नव्हता. तिथे बिनकल्हईच्या भांड्यात ताकसुद्धा कळकून कडवट होते, असे एक फिरता व्यापारी सांगून गेला. तांबटाने तिथले एक रिकामे घर पाहून ठेवले आणि बिऱ्हाड हलवायच्या तयारीला लागला.

काय ती तयारी! लहान भांडे मोठ्यात गेले, मोठे त्याहून मोठ्यात. मधल्या जागेत डाळ-तांदूळ भरले, म्हणजे जागाही वाचली आणि खडखडाटही थांबला. लोणच्याच्या बरण्या गोधड्यांत गुंडाळल्या. स्वयंपाकघरातल्या बोचक्यांना तांबडी दोरी, देवघरातल्यांना पिवळी, भट्टीच्या सामानाला काळी. जे उतरल्याबरोबर लागणार ते गाडीत सगळ्यात शेवटी चढवायचे, म्हणजे ते आधी हाताला येते. आता हे खरोखर शहाणपणाचे होते, आणि तुमच्यावर बिऱ्हाड हलवायची वेळ आली तर तुम्हीही बेलाशक असेच करा. चूक यात नव्हती.

मग त्याने शेजाऱ्यांचे जे जे घरात आले होते ते परत केले. कोणाची चाळण, कोणाचा खलबत्ता, एकीची तर मूठभर चिंच. चिंच हातात घेताना ती शेजारीण हिरमुसली.

"भावजी, एवढी तरी राहू द्यायची होती. तेवढ्यासाठी तुमची आठवण काढली असती."

"नको वहिनी," तांबट म्हणाला. "मी आजवर..."

त्याची बायको पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

सगळ्यात शेवटी त्याने राखेत पुरलेले निखारे एका मडक्यात भरले आणि ते मडके मांडीवर घेऊन गाडीत बसला. "मीठ आहे, विरजण आहे, विस्तव आहे," तो खुशीत म्हणाला. "तिथं कोणाकडे काही मागायला नको."

"हो ना," बायको म्हणाली, "म्हणजे बोलायलाही नको."

गाडी नव्या दाराशी पोचली आणि सगळे ठरल्याप्रमाणे झाले. तांबडी दोरी सुटली, चूल मांडली गेली, मडक्यातले निखारे फुलले. दिवस मावळायच्या आत डाळ रटरटू लागली. तांबटाने कौतुकाने छपरातून निघणाऱ्या धुराकडे पाहिले. गावातली माणसे आपापल्या ओट्यावर बसून तोच धूर पाहत होती. मग एकेक जण उठला, आत गेला आणि दारे लागली.

दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गाव वाईट नव्हते. रामराम केला तर रामराम मिळे, विहिरीवर बायका सरकून जागा देत. पण तांबटाच्या उंबऱ्यावर पाऊल कोणाचे पडेना. भट्टी गार पडली. गावातले ताक कळकत राहिले आणि कल्हई लावणारा समोरच हात बांधून बसून राहिला.

तांबटाची बायको मोठी हसरी होती. ती आता गोठ्यात जाऊन बैलांशी बोलू लागली. बैल उत्तर देत नसत, हीच काय ती अडचण. होता होता तिचे हसणे थांबले, आणि तांबटाला जेवण गोड लागेना. धान्याचे पोते खपाटीला गेले, तसा तो एके दुपारी मुकाट्याने दोऱ्या निवडायला बसला. तांबड्या एकीकडे, पिवळ्या एकीकडे. परत जायची तयारी होती ती. बायकोने दारातून ते पाहिले आणि ती आत गेली.

दिवेलागणीला तो स्वयंपाकघरात आला, तर चुलीत ओली राख.

"चूल का विझली?"

"मी पाणी ओतलं."

तांबट तिच्याकडे बघतच राहिला. "वेड लागलंय का तुला? चकमक दे इकडे."

"चकमक ओढ्यात गेली."

"ओढ्यात कशी गेली?"

"मी फेकली, तशी गेली." बायकोने कोनाड्यातले खापर काढून त्याच्या हातात दिले. तिचे डोळे भरून आले होते. "अहो, इथं सगळं आणलंत. मिठापासून विस्तवापर्यंत काही विसरला नाहीत. तोंडातून एक शब्द काढायचा राहिला म्हणून परत जायचं, हे मला जन्मभर खुपेल. जा, विस्तव मागून आणा. नाही आणलात तर उद्या मी स्वतः बोचकी बांधीन."

तांबट खापर घेऊन निघाला. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी धान्य पाखडत होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. घणाचे घाव घालताना कधी न थकलेला हा माणूस, पण आता खापर नुसते या हातातून त्या हातात घेत राहिला.

"काय रे बाबा?" म्हातारीने विचारले.

"काही नाही, आजी. वारा बरा सुटलाय."

"सुटलाय खरा." तिची नजर खापरावर गेली आणि सूप हातातल्या हातात थांबले. "हातात काय आहे?"

"खापर."

"ते दिसतंय मला. कशाला आणलंयस?"

तांबटाने खापर पाठीशी लपवले. तो मागे वळलासुद्धा. पण वळल्यावर त्याला आपले घर दिसले, आणि त्या घराच्या छपरातून आज धूर निघत नव्हता. तो पुन्हा म्हातारीकडे वळला.

"आजी," तो कसाबसा म्हणाला, "थोडा विस्तव द्या."

म्हातारीने सूप तिथेच टाकले आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन ओरडली, "अगं बायांनो, मागितला! तांबटानं विस्तव मागितला!"

धडाधड दारे उघडली. बायका आल्या, बाप्ये आले, पोरे आली. सगळे हसत होते. तांबटाला काही कळेना.

"आमच्या गावची रीत आहे, बाबा," म्हातारी म्हणाली. "नवं बिऱ्हाड पहिला विस्तव शेजारून नेतं. ज्याच्या चुलीतून नेला त्याच्याशी नातं जुळतं, आणि त्याच्यामागून सारा गाव घरात येतो. न मागणाऱ्याच्या दारात मात्र आम्ही जात नाही. उगाच त्याला भीड कशाला? तुम्ही आलात त्या संध्याकाळी मी निखारे फुलवून तुझी वाट बघत होते. तेवढ्यात तुझ्या छपरातून धूर निघाला. आम्हाला वाटलं, यांना आमची गरज नाही."

तांबट ओशाळला. मग त्याला हसू फुटले, आणि ते काही केल्या आवरेना.

म्हातारीचे निखारे त्याच्या चुलीत पडले आणि मागोमाग गाव घरात शिरले. कोणी मीठ आणले, कोणी गूळ, कोणी मिरच्या. एकीने विरजण पुढे केले.

"विरजण तर आमच्याकडे आ..." तांबट बोलू लागला. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. "...आम्हाला हवंच होतं," त्याने वाक्य पुरे केले.

तेव्हा त्याची बायको हसली. खळखळून, अगदी पूर्वीसारखी.

दुसऱ्या दिवशी दारात पातेल्यांची, परातींची आणि ताकाच्या गडव्यांची रांग लागली. भट्टी जी पेटली ती विझली नाही, आणि त्या गावात पुन्हा कोणाचे ताक कळकले नाही. निवडून ठेवलेल्या दोऱ्यांचे काय झाले म्हणाल, तर त्या एकेक करून शेजारीपाजारी गेल्या. परत आल्या नाहीत, आणि तांबटाने त्या मागितल्याही नाहीत.

पुढे कधीतरी एका कोष्ट्याचे बिऱ्हाड त्या गावात आले. गाडी मोठी नीटनेटकी लावलेली होती आणि कोष्टी मांडीवर एक मडके जपून धरून बसला होता. तांबटाने ते लांबूनच ओळखले. हातातली परात तशीच टाकून तो धावत सुटला आणि त्याने वेशीवरच गाडी अडवली.

"दादा," तो धापा टाकत म्हणाला, "बाकी सारं खुशाल उतरवा. तेवढा विस्तव मात्र माझ्या घरून मागून न्या."

नव्या घरी जाताना सारे सामान न्यावे, पण एखादी गरज मोकळी ठेवावी. शेजार तिच्याच वाटेने घरात येतो.