सावरखिंडीतला रस्ता का वळला

शाळेची रिक्षा महामार्ग कसा ओलांडत असेल, या एका विचारानं मला आठ दिवस झोप नाही. तिथं अपघात झाला त्या दिवसापासून माझ्या लेकीला, मुक्ताला, मी शाळेत पाठवलेलंच नाही. तिच्या बाईंना ‘ताप आहे’ असं खोटं कळवायचं आणि पहिलीतल्या मुलीला घेऊन यायचं कुठं, तर अपघातात गेलेल्यांच्या राईत! एम.एस्सी.पर्यंत शिकून हे सुचलं मला.

सावरखिंडीत सरळ आलेला रस्ता एकाएकी बाजूला सरतो, करंजांच्या राईला वळसा घालतो आणि पुन्हा सरळ होतो. राई राखणाऱ्या म्हाताऱ्या गोदाक्का त्याचं कारण सांगतात.

पूर्वी रस्ता इथून सरळच जायचा, म्हणे. ठकूबाईचा नऊ वर्षांचा म्हादू ट्रकखाली गेला. तो पडला तिथंच, भर रस्त्यात, तिनं पहारीनं डांबर फोडून करंजाचं रोप लावलं. मुकादमानं उपटलं. तिनं पुन्हा लावलं. असं तीनदा झालं.

“अगं ठके, रस्त्यात झाड जगतं व्हय?” लोक म्हणायचे.

“पोरगं तरी कुठं जगलं?”

चौथ्यांदा रोलर आणला. ती रोपाला कवटाळून आडवी झाली. रोलर तिच्यापासून हातभर अंतरावर बंद पडला आणि तीन दिवस काही केल्या सुरू झाला नाही, असं सांगतात. शेवटी रस्ताच वळवला. मग ज्यांची माणसं रस्त्यावर गेली, ते एकेक रोप घेऊन येऊ लागले. ठकूबाईनं नेम घालून दिला: आधी परक्याच्या झाडाला पाणी, मग आपल्या. ज्याच्यामागं रडायलाही कुणी उरलं नाही, त्याचं झाड वाळू नये. मरेपर्यंत ती खालच्या ओढ्यावरून घागरी वाहत राहिली. घरी फक्त निजायला जायची, म्हणे.

“किती झाडं झाली, आक्का?”

“मोजायचं सोडलं बाई. एक खड्डा बुजवतोय तवर दुसरं कुणी रोप घिऊन उभं.”

आजही गाड्या इथं थांबतात, अनोळखी झाडाला तांब्याभर पाणी घालून पुढं जातात. मुक्तानंही घातलं. आता ही मरणाबद्दल विचारणार, म्हणून मी पुस्तकांत वाचलेली उत्तरं मनात जुळवत होते.

ती गोदाक्कांकडे वळून म्हणाली, “आजी, त्या ठकूबाईला एक मुलगीपण होती का? तिला तरी ती शाळेत पाठवायची?”