आधी राज्य, मग पाट

थोरल्या राजाच्या कारकिर्दीचे एकोणतिसावे वर्ष, पौष वद्य पंचमी. थंडी कडक होती आणि गहू ओंबीवर आला होता. गोष्ट फार जुनी आहे. तरी तिथी सांगतो, कारण आपल्याला लाज कधी वाटायला हवी होती, हे माणसाने विसरू नये.

नदीकाठी एक गाव होते. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला एक पाट, आणि त्या एका पाटावर साऱ्या गावाची शेते. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून वाडवडिलांनी नियम केला होता, की चावडीच्या हुकुमाशिवाय पाटाला कोणी फावडे लावायचे नाही. नियम चांगला होता. पण चावडीवर पुढे आणखी एक रीत पडली. आधी राज्याचा विषय, मग गावाचा.

त्या वर्षी राज्याचा विषय मोठा होता. उत्तरेच्या राजाशी लढावे की तह करावा? गावाचे मुख्य उखाजी आबा लढाईच्या बाजूचे. त्यांच्याच वयाचे तोताराम तहाच्या बाजूचे. अर्धे गाव इकडे, अर्धे तिकडे.

"शत्रूला सीमेपार हाकला!" आबा गरजत.

"बांधापलीकडे गेलेला बैल तुला हाकता येत नाही, उखाजी," तोताराम म्हणत, "आणि सैन्य हाकायला निघालास!"

लोक हसत. दिवस मावळे. गावाचा विषय राहून जाई.

पंचमीला कौतिकबाई चावडीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. एकटी बाई. तिचे शेत पाटावर सर्वांत शेवटचे.

"आबा, वळणावर पाट फुटलाय. खेकड्यांनी पोखरला. पाणी सगळं रस्त्यावर चाललंय, माझ्या गव्हाला थेंब नाही. दहा माणसं द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"थांब बाई. आधी लढाईचं मिटू दे."

"गहू थांबत नाही, आबा."

"राज्यच गेलं तर गहू खाणार कोण?"

साऱ्यांनी माना डोलावल्या. तोतारामांनीही डोलावली. महिनाभरात दोघांचे एकमत झाले ते एवढ्याच गोष्टीवर.

बाकीची शेते वळणाच्या अलीकडे होती. त्यांना पाणी मिळत होते. म्हणून कोणाला घाई नव्हती.

कौतिकबाई नऊ दिवस आली. दहाव्या दिवशी आली नाही. ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्या दिवशी राजाचा एक स्वार चावडीपुढे उतरला. आबांनी पागोटे सारखे केले. "महाराजांनी गावाचं मत मागवलं काय?"

"कसलं मत?"

"लढाई की तह, त्याचं."

"तह होऊन महिना झाला," स्वार म्हणाला. "मी रजेवर घरी निघालोय. रस्त्यात चिखल, घोडं घसरलं, म्हणून पाणी प्यायला थांबलो. तिथं वळणावर एक बाई एकटीच पाट बांधतेय. हाताची सालं निघालीत तिच्या. मी म्हटलं, बाई, गावात पुरुष नाहीत का? ती म्हणाली, आहेत, पण ते राज्य सांभाळतात."

मग मागून एकजण पुटपुटला, "पण हुकुमाशिवाय फावडं लावलं तिनं."

आबा उठले. "हुकूम मी द्यायचा होता. मी दिला नाही."

त्यांनी फावडे घेतले आणि चालू लागले. मागोमाग तोताराम निघाले, मग सारे. दुपारपर्यंत पाट बांधून झाला. पाणी शेवटच्या शेतात शिरले.

आबांनी एक ओंबी तोडून तळहातावर चोळली. फुंकर मारली. हातात काही उरले नाही. दाणा भरलाच नव्हता.

कौतिकबाई समोर उभी होती. तिने चार शिव्या दिल्या असत्या, तर आबांना सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवसापासून चावडीची रीत उलटी झाली. पोरांनो, आणि थोरांनो तुम्हीसुद्धा, एवढे ध्यानात ठेवा: दारात उभ्या माणसाचे ज्याला ऐकू येत नाही, त्याने राज्याची चिंता सांगू नये.

फाल्गुनात आबांनी आपला गहू मळला. कौतिकबाईच्या शेतात पिकला असता तेवढा त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून, भर दिवसा, चावडीपुढून तिच्या घरी वाहिला. शेवटचे पोते तिच्या ओसरीवर उतरले, आणि फेड झाली.