उंबऱ्यापाशी मिठाचा दगड

पूर्वी उत्तर देशी विजितसेन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळची ही गोष्ट. हिमवंताच्या कुशीत शृंगपूर नावाचे गाव होते. बोधिसत्त्वाने तेव्हा त्या गावात जन्म घेतला होता. त्याचे नाव देवल. गावची धर्मशाळा तो आणि त्याची विधवा बहीण उत्पला मिळून सांभाळीत.

शृंगपुरात गरम पाण्याची कुंडे होती. शरद ऋतू लागला की खालच्या देशातून माणसे स्नानाला येत. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची कंबर गेलेली, तर कुणी नुसतेच हवा खायला आलेले. त्याच दिवसांत वरच्या रानातले बारशिंगेही गावात उतरत. कारण गावातल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्यापाशी त्यांच्यासाठी मिठाचा दगड असे.

देवलच्या दारातला दगड सगळ्यांत जुना होता. एका वर्षी फार मोठे बर्फ पडले आणि उपाशी बारशिंगे दारोदार येऊन कोसळू लागले, तेव्हा देवलच्या आईने एक खोलगट दगड आणून दारात मांडला आणि त्यात घरातले सगळे मीठ ओतले. पुढे शेजारणींनी तिचे पाहून तसेच केले आणि त्याचा रिवाज झाला. चाटून चाटून त्या दगडाची खळगी इतकी खोल झाली होती, की आता तिच्यात दोन ओंजळी मीठ मावे. लहानपणी देवल त्या दगडाशेजारी तळहातावर मीठ घेऊन बसायचा. त्या खरखरीत जिभेच्या गुदगुल्या आठवल्या की साठी उलटल्यावरही त्याला हसू येई. किती सुखाचे दिवस होते ते! गावात बारा घरे होती. आश्विनात नर माजावर येऊन शीळ घातल्यासारखे ओरडू लागले, की बायका आपापली दारे लोटून घेत. कुणाला काही सांगावे लागत नसे.

आता घरे दीडशे झाली होती आणि पाहुण्यांची तर गणतीच नव्हती. हे पाहुणे गाई-बैलांच्या मुलखातले. शिंगे दिसली की पाठ थोपटायला निघत. म्हणून देवल रोज सकाळी वेशीपाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगे.

"हात लांब करा. एक डोळा मिटा. अंगठा उभा धरा. अख्खा बारशिंगा अंगठ्यामागे लपला, तर तुम्ही बरोबर जागी उभे आहात. शिंगं बाहेर दिसली, तर मागे सरा. त्यानं कान पाडले, दात खाल्ले, की सरळ झाडाआड व्हा. मादी आणि पाडस यांच्या मधून तर कधीच जाऊ नका."

"बाबा, एवढा डोंगर चढून आम्ही आपलाच अंगठा बघायला आलो का?" एखादा पाहुणा विचारी आणि सगळे हसत. देवलही हसे. पण सांगायचे मात्र त्याने कधी सोडले नाही.

त्या कळपात एक मोठा नर होता. सात हिवाळ्यांपूर्वी त्याची आई कड्यावरून पडून मेली आणि हे पाडस थरथरत धर्मशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. देवलने त्याला बकरीच्या दुधावर वाढवले. त्याचा रंग तांबूस, म्हणून उत्पला त्याला तांबू म्हणे. रानात गेल्यावरही तो दर शरदात येई आणि देवलच्या हातून मीठ खाई. पाहुण्यांना अंगठा धरायला शिकवणारा हा शहाणा माणूस स्वतः मात्र हात पुढे करी. माणूस कितीही शहाणा असला तरी मायेपुढे त्याचे काही चालत नाही.

एका आश्विनात राजा विजितसेन राणीसह स्नानाला आला. बरोबर राणीचा भाऊ सुबाहू होता. देवलचा हात चाटणारा तांबू त्याने पाहिला आणि या शिंगांत झेंडूची माळ घालावी, असे त्याच्या मनात आले.

"थांबा! त्याचे कान बघा!" देवल ओरडला.

"तुला चालतो आणि मला चालत नाही होय?" असे म्हणत सुबाहू पुढे गेला. पुढच्या क्षणी तो जमिनीवर पडला होता आणि त्याची मांडी फाटली होती. देवल मध्ये पडला, त्याने सुबाहूला काखेत धरून देवदाराच्या खोडाआड ओढले, म्हणूनच तो वाचला.

राजा संतापाने लाल झाला. "उद्या धनुर्धारी बोलावतो. या रानात एक शिंग शिल्लक ठेवणार नाही."

देवल हात जोडून म्हणाला, "महाराज, चूक त्यांची नाही, आमची आहे. दारात मीठ ठेवून आम्हीच त्यांना बोलावलं आणि त्यांनी रान विसरावं अशी अपेक्षा धरली. त्यातही मोठी चूक माझी. मी हात पुढे करतो, हे बघूनच आपल्या मेहुण्यांना धीर आला. मला तीन दिवस द्या."

राजाने मेहुण्याच्या रक्ताकडे पाहिले. मग म्हणाला, "दिले. चौथ्या दिवशी मी तुझ्या सज्जात धनुष्य घेऊन बसेन. अंगणात ऊन उतरेल तेव्हा एकही जनावर गावात दिसता कामा नये. दिसलं, तर कळपातला एकही वाचणार नाही."

देवलने गाव गोळा केले आणि सांगितले, की सगळे दगड उचलून दोन कोस वरच्या कुरणात नेऊ. गावकरी बिथरले. "बापजाद्यांचा रिवाज मोडायचा?" म्हातारा कपिल म्हणाला. "आणि तुझ्या आईच्या दगडाचं काय?"

देवल उठला. तो घरी आला आणि पहार घेऊन उंबऱ्यापाशी बसला.

"दादा, एवढा एक राहू दे," उत्पला म्हणाली. "आईचा हात लागलाय त्याला."

"मलाही तसंच वाटतं गं," देवल म्हणाला आणि त्याला रडू आले. बराच वेळ तो त्या खळगीत बोटे फिरवीत बसून राहिला. मग त्याने पहार घातली, दगड दोराने पाठीला बांधला आणि धापा टाकीत डोंगर चढू लागला. कपिलने ते पाहिले. तो घरात गेला आणि स्वतःची पहार घेऊन बाहेर आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दीडशे दगड वरच्या कुरणात ओळीने मांडलेले होते आणि गावातले उंबरे धुऊन लख्ख झाले होते.

चौथ्या दिवशी पहाटे गाव रिकामे होते. कळप मिठाच्या वासाने वरच थांबला होता. राजा सज्जात बसला. ऊन समोरच्या डोंगरावरून हळूहळू खाली सरकू लागले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तांबू आला.

तो सरळ धर्मशाळेच्या दारात गेला. दगड जिथे होता तिथली ओली माती त्याने हुंगली, चाटली. मग शिंगाने दारावर टकटक केले आणि पाडस असताना काढायचा तसा बारीक आवाज काढला. वर राजाने बाण जोडला.

दाराच्या आत देवल कडीवर हात ठेवून उभा होता. "एकदाच, दादा," उत्पला कुजबुजली. "नुसता हात फिरव. तो जाईल." देवलला आईचा मिठाचा हात आठवला. थरथरते पाडस आठवले. त्याला वाटले, दार उघडावे आणि त्या गळ्यात पडावे. पण त्याने कडी काढली नाही आणि हाकही मारली नाही.

ऊन अंगणाच्या भिंतीवर आले. तांबूने आणखी एकदा हाक दिली आणि कान टवकारून वाट पाहिली. वरून वारा आला. तांबूने मान उचलली, तो वळला आणि डोंगराच्या वाटेने चालू लागला. तो वेशीबाहेर पडला तेव्हा ऊन अंगणात उतरले.

राजा खाली आला. देवलचा चेहरा आसवांनी भिजलेला पाहून त्याने विचारले, "इतकी माया होती, तर दार का नाही उघडलंस?"

"उघडलं असतं तर तो उद्याही आला असता, महाराज. उद्या कुणाचा तरी हात पुढे झाला असता आणि कुणाचा तरी बाण सुटला असता."

राजाने डोंगराकडे पाहिले. मग हात लांब केला, एक डोळा मिटला आणि अंगठा उभा धरला. "लपला," तो म्हणाला आणि त्याने धनुष्याची दोरी उतरवली. त्या दिवसापासून शृंगपुरात येणारा प्रत्येक पाहुणा आधी वेशीपाशी अंगठा धरायला शिकू लागला. देवल पुढे पुष्कळ वर्षे जगला. आश्विन आला की तो त्या रिकाम्या जागेशेजारी बसून वरून येणारी शीळ ऐके आणि त्यातली तांबूची कोणती, ते उत्पलाला सांगे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, जेतवनाच्या विहारात पिंगल नावाच्या भिक्षूसाठी सांगितली. पिंगलने घरदार सोडले होते, पण सात वर्षांत शास्त्यांच्या कुटीचे दार काही त्याच्याने सोडवेना. साधनेसाठी अरण्यात जा म्हटले, की तो उद्यावर ढकली. त्या सकाळी त्याने नेहमीप्रमाणे दार वाजवले आणि ते उघडले नाही. तो दिवसभर अंगणात रडत बसला होता.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा विजितसेन म्हणजे आपला भद्रक. त्याचा मेहुणा सुबाहू म्हणजे आपला उतावळा सोमिल. उत्पला म्हणजे भिक्षुणी श्यामा. तांबू म्हणजे हा पिंगल, आणि देवल मीच होतो."

पिंगलने मान वर केली. "भंते, आज सकाळीही आपण दाराआड उभे होता का?"

"होतो," शास्ते म्हणाले. "कडीवर हात ठेवून."

पिंगलने वाकून वंदन केले, भिक्षापात्र उचलले आणि तो अरण्याच्या वाटेला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत शास्ते त्या वाटेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माया असूनही मन सम ठेवण्याच्या या गुणाला उपेक्षा म्हणतात. लोक तिला कोरडेपणा समजतात."